आठवी ‘ब’चं शुद्धिपत्र

९ जानेवारी

नियमसर शाळेच्या जिन्यावरून पडले. पाय मोडला. विज्ञानाचे हे सर दर दोन वाक्यांमागे “नियम असा आहे” म्हणतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. आता आम्ही शिक्षकही तेच वापरतो. पडले कसे, तर जिना उतरता उतरता उत्तरपत्रिका तपासत होते. जन्मभर गुरुत्वाकर्षण शिकवलं, एकदा पायरीकडे बघून उतरायला काय झालं होतं? असो. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आत बोलावलं आणि मग मला माझंच वाईट वाटायला लागलं.

“आठवी ब चं विज्ञान आता तुमच्याकडे.”

“माझ्याकडे? बाई, मी भाषा शिकवते.”

“तुमचे तास रिकामे आहेत.”

“रिकाम्या तासाला मी निबंध तपासते.”

“मग आता विज्ञानाच्या वह्या तपासा.”

पुढचं त्याहून वाईट. सहामाहीला आठवी ब विज्ञानात जवळजवळ अख्खी नापास. वार्षिकला पुन्हा तेच झालं तर तुकडी मोडायची, मुलं अ आणि क मध्ये वाटायची. तुकडी गेली की भाषेची एक शिक्षिका जादा ठरते. “जादा” म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. जादा कोण, हे विचारायची गरज नव्हती. जादा झालेल्या बाईला वरून सांगतील त्या शाळेत जावं लागतं. या वयात, या गुडघ्यांनी, दोन बस बदलून.

घरी यांना सांगितलं. हे छापखान्यात पानं लावतात आणि प्रुफं तपासतात. यांच्या हाताखालून चूक छापून गेली असं आजवर झालेलं नाही. जेवताना खोकल्याच्या औषधाची बाटली समोर असली तर तिच्यावरच्यासुद्धा चुका काढतात. म्हणाले, “शिकव की. त्यात काय?”

त्यात काय म्हणे!

१२ जानेवारी

‘तरंगणे व बुडणे’ हा धडा वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर अर्ध्या वर्गाची डोकी बाकावर. त्यांचं तरी काय चुकलं? मीही पेंगले असते, पण उभी होते.

१५ जानेवारी

सुचलं! कविता. मी आयुष्यभर कविता लिहीत आले आणि त्या शाळेच्या वार्षिक अंकापलीकडे कधी गेल्या नाहीत, हे जगाचं नुकसान. पण चालीत म्हटलेलं पोर विसरत नाही, एवढं मला कळतं. पाढे कसे पाठ होतात? चालीवर. मग बुडणं-तरंगणं का नाही होणार? चहा उकळेपर्यंत लिहून झाली:

जड असे ते तळाशी जाई,
हलके वरती तरंगत राही;
खिळा बुडतो, लाकूड तरते,
वजनावरती सारे ठरते.

वर्गात म्हणून दाखवली. काय सांगू! बाकं वाजवत म्हणाली मुलं. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या, त्यांच्या तोंडावर तो भाव होता ज्याला आपण कौतुक समजायचं नसतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर. लांब वेणीची पोरगी. हिला सगळा वर्ग शंकासुर म्हणतो.

“बाई, जड ते बुडतं?”

“मग काय उडतं?”

“बंदरावरच्या बोटी लोखंडाच्या असतात. त्या खिळ्यापेक्षा हलक्या आहेत का?”

कवितेवर शंका! मी म्हटलं, “बोटीचं वेगळं असतं.” काय वेगळं असतं ते देवाला ठाऊक. मी घंटेकडे कान लावून बसले.

१६ जानेवारी

आज वर्गात पाऊल टाकलं तर जमीन ओली! शिपाईमामांची बादली मुलांनी पळवून आणलेली. डब्याचं झाकण तरंगतंय, खिळा तळाशी. शंकासुरनं दोन्ही एकाच तराजूत घातली. झाकण जड. “जड असून तरंगलं, बाई! तुमची कविता चुकली!” आणि वर्गानं असा जल्लोष केला की जणू मी निवडणूक हरले होते.

मग तेच झाकण कुणीतरी ठोकून दाबून त्याचा गोळा केला. तो बुडाला. वजन तेच! आता भांडण सुरू: आकारामुळे, की आत हवा राहते म्हणून, की पाणी ढकलतं म्हणून. तास संपला तरी कुणी उठेना. मी दोनदा “शांत बसा” म्हणाले आणि मग ते म्हणणंही मला मूर्खपणाचं वाटलं. झाकण ज्याचं होतं त्याची आई उद्या येईल, ते निराळं.

१७ जानेवारी

सकाळी शाळेआधी रागारागाने नियमसरांकडे गेले. पाय प्लास्टरमध्ये, उशांवर उंच ठेवलेला. सगळं सांगितलं: बादली, झाकण, अपमान. ते म्हणाले, “नियम असा आहे की वस्तूनं बाजूला सारलेलं पाणी...” आणि मध्येच थांबले. मग विचारलं, “मुलांनी आपणहून करून बघितलं?”

“आपणहून म्हणजे काय, माझी फजिती करायला!”

“गोळासुद्धा त्यांनीच केला?”

“त्यांनीच. आगाऊ कार्टी.”

सरांनी पायाखालची उशी सारखी केली. “इतकी वर्षं मी तो धडा शिकवतोय,” म्हणाले, “पण मला कधी कुणी काही विचारलं नाही हो, बाई.” डोळे भरून आले होते त्यांचे. पाय फारच दुखत असणार बिचाऱ्यांचा.

येताना सरांनी नीट समजावून सांगितलेलं कागदावर उतरवून आणलं. वर्गात वाचलं तर मुलं म्हणाली, “आम्हाला वाटलंच होतं.”

२ फेब्रुवारी

चंद्रावरची कविता. माझ्या मते आजवरची सर्वांत सरस.

दिवस मावळे, चंद्र उगवतो,
रात्रीपुरता सोबत असतो;
सूर्य नभी तो असेल जोवर
लाजून चंद्र न येई वर.

‘लाजून’ कसं साधलंय! यांना म्हणून दाखवली. हे प्रूफ वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “परवा सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा दिसला होता मला.”

“कोण?”

“चंद्र.”

रसिकता नाही ती नाहीच. इतक्या वर्षांनी मी तरी कशाला आशा धरावी?

६ फेब्रुवारी

सकाळची प्रार्थना चालू. सगळी शाळा डोळे मिटून रांगेत. आणि आठवी ब मधून आरोळी: “बाई, चंद्र आलाय!”

खरंच होता. सकाळच्या लख्ख उन्हात, पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या वर, फिकट. निर्लज्जासारखा. आणि शाळेतली झाडून सगळी पोरं माना वर करून बघतायत! मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चंद्राकडे पाहिलं. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

आता वर्गाच्या मागच्या भिंतीवर रोज चंद्र काढतात. कितीला उगवला, केवढा दिसला. ज्यांना झोपेतून उठवायला घरच्यांना पाणी मारावं लागायचं ती पोरं पहाटे गच्चीवर. एक कायम उशिरा येणारा मुलगा आहे, त्याला वर्ग ‘घड्याळ’ म्हणतो. चंद्र रोज थोडा थोडा उशिरा उगवतो हे त्यानंच शोधून काढलं, आणि म्हणाला, “बाई, तोही माझ्यासारखाच.” मी हसले नाही. बाहेर येऊन हसले.

२० फेब्रुवारी

आता नेमच झालाय. मी कविता फळ्यावर लिहिते आणि वर्ग शिकाऱ्यासारखा दबा धरून बसतो. चूक सापडली की आधी करून दाखवायचं, मगच बोलायचं, असा त्यांनी आपापसात कायदा केलाय. “झाड जेवते मातीमधुनी” लिहिलं तर एकानं ओल्या कापसात उगवलेला घेवडा आणून ठेवला: “यात माती कुठाय?” लगेच दुसरी उठली: “अरे, बीमध्येच अन्न होतं की! चार दिवसांनी बघ मरतंय का.” आता दोन गट पडलेत. खिडकीत कापसाच्या वाट्या, काही उन्हात, काही कपाटात. मला कपाटात पर्स ठेवायला जागा नाही.

प्रत्येक वेळी मला वाटतं, ही तरी बिनचूक. एकदा तरी या कार्ट्यांची तोंडं बंद करून दाखवते.

५ मार्च

तपासणी. शिक्षण खात्याचे मोठे साहेब वर्गात. मोठ्या बाई दारात हात बांधून उभ्या.

साहेब म्हणाले, “तुम्ही म्हणे कवितेतून विज्ञान शिकता. म्हणा बरं एखादी.”

मी डोळ्यांनी “पाण्याची, पाण्याची” असं खुणावत होते, कारण ती आम्ही दुरुस्त केली होती. तर मुलांनी चंद्राची सुरू केली! ठेक्यात, एका सुरात, ‘लाजून’वर मान तिरकी करून. साहेब खूश झाले. मी म्हटलं, चला, सुटले. तोच शंकासुर उभी राहिली: “साहेब, ही कविता पूर्ण चुकीची आहे.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

“चुकीची?” साहेब म्हणाले. “मग पाठ कशाला केलीत?”

“पाठ केल्याशिवाय चूक कुठंय ते कसं कळणार?” ती म्हणाली आणि त्यांना भिंतीपाशी घेऊन गेली. घड्याळनं चंद्र समजावला. मग कपाट उघडून घेवड्याच्या वाट्या. मग बादली. साहेबांचे बूट भिजले. त्यांना पुढच्या शाळेत जायचं होतं, ते गेलेच नाहीत. शेवटी एका गोळ्यावरून साहेब आणि शंकासुर वाद घालत होते, आणि साहेब हरत होते.

जाताना म्हणाले, “बाई, या चुका तुम्ही मुद्दाम करता?”

मुद्दाम! मला काय वेड लागलंय? मी बाणेदारपणे म्हटलं, “मुळीच नाही.” ते हसत सुटले. वेडगळ माणूस.

२८ एप्रिल

निकाल. आठवी ब विज्ञानात शाळेत पहिली. एकही नापास नाही! मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तुकडी राहिली. मी जादा नाही. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला.

मी त्यांना सांगितलं, ही सगळी छंदाची ताकद. अक्षरं मोजून लिहिलेलं थेट मेंदूत जातं. पुढच्या वर्षी मी आणखी घट्ट वृत्तात लिहिणार आहे.

३ मे

साहेबांच्या कचेरीतून निरोप: कवितांचं पुस्तक करा, सगळ्या शाळांना वाटू. माझं पुस्तक! मी दोनदा विचारून घेतलं. फक्त एक अट, चुका काढून टाका. साहेब स्वतः बदलून दुसरीकडे गेले, ही अट नव्या साहेबांची. रास्तच आहे. छापील पुस्तकात चुका कशा चालतील?

नियमसर (आता काठी घेऊन चालतात) ओळ न् ओळ तपासणार, आणि पुस्तक आमच्याच छापखान्यात, यांच्या हातून. म्हणजे चुकीला शिरायला फटसुद्धा नाही. सर मात्र कवितांची चळत मांडीवर घेऊन उगाच म्हणाले, “सगळ्याच काढायच्या?”

“सगळ्याच.”

“नियम असा आहे...” म्हणाले, आणि पुढे काही बोललेच नाहीत. वय झालं.

२१ जून

नवी आठवी ब. विज्ञान पुन्हा माझ्याकडेच, मी मागून घेतलं. सरांना अ आणि क पुरे. चंद्राची नवी, शुद्ध कविता म्हणून दाखवली. मुलांनी म्हटली. उतरवून घेतली. गप्प बसली. इतकी शहाणी मुलं मी पाहिली नव्हती. एका मुलीनं जांभई दिली, पण हात तोंडावर ठेवून.

१८ जुलै

चाचणी. निम्म्याहून जास्त नापास. मला वाटलं गठ्ठा चुकला, दुसऱ्या तुकडीचा आला. नाही, आमचाच.

कविता सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत हो! “तरंगणे म्हणजे काय?” तर अख्खी कविता लिहिलीय, एका काना-मात्रेची चूक नाही. “मग खिळा का बुडतो?” खाली कोरं. मोठ्या बाईंनी पुन्हा बोलावलं. पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. सहामाहीला असंच राहिलं तर वरून विचारणा होणार.

वृत्त जड झालं का? बदलून बघते.

३० जुलै

वृत्त बदललं. काही उपयोग नाही. बादली कोपऱ्यात कोरडी ठणठणीत. शिपाईमामा येऊन विचारून गेले, “नको असेल तर नेऊ?” मी नेऊ दिली. का कोण जाणे, फार वाईट वाटलं.

४ ऑगस्ट

शंकासुर घरी आली होती, नववीतली पुस्तकं दाखवायला. खूप उंच झालीय. हे टेबलावर माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ घेऊन बसले होते, मी ते तिला मोठ्या दिमाखात दाखवलं.

तिनं पहिली कविता वाचली. दुसरी वाचली. मग भराभर पानं उलटायला लागली, काहीतरी हरवल्यासारखी.

“बाई, यात चूक कुठंय?”

“नाहीच.”

“एकपण नाही?”

“एकपण नाही,” मी म्हटलं. “सरांनी तपासलंय, यांनी तपासलंय, मी तपासलंय.”

“अच्छा.” तिनं प्रूफ अलगद खाली ठेवलं. “छान आहे, बाई.” पाणी प्यायली आणि गेली. मला पुस्तकाचं कौतुक हवं होतं, ते असं उपचारापुरतं झालं. दार लावून आले तर हे चष्मा काढून दाराकडेच बघत होते.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. पोरगी हुशार आहे.” मग म्हणाले, “तू फार दमलीयेस हल्ली. झोप जा. उरलेलं मी बघतो.”

१९ ऑगस्ट

पुस्तक आलं! हातात घेतलं तर शाईचा वास. माझं नाव कव्हरावर. आयुष्यात पहिल्यांदा. गठ्ठा घेऊन थेट वर्गात. प्रत्येकाला एकेक प्रत. “उष्णतेची कविता काढा,” म्हटलं. मुलं म्हणायला लागली:

गार पाणी वरती चढते,
ऊन पाणी तळाशी दडते.

मला आधी कळेचना की कानाला काय खटकतंय. मग पुस्तकात बघितलं. उलटं! गार आणि ऊन एकमेकांच्या जागी! शेवटचं प्रूफ मी स्वतः पाहिलं होतं, बरोबर होतं. सगळ्या प्रतींत उलटं! सगळ्या शाळांत हेच जाणार!

मी म्हटलं, “मुलांनो, इथं एक...” आणि पुढचं तोंडातच राहिलं, कारण मागच्या बाकावरून हात वर आला. या वर्षात पहिल्यांदा.

जांभईवाली मुलगी. “बाई, हे खरं नाही. अंघोळीचं पाणी वरवर कढत असतं आणि खाली गार.”

“हॅट्,” शेजारचा म्हणाला, “बर्फ गारच असतो की. तो वर तरंगतो. बरोबर लिहिलंय बाईंनी.”

“बर्फ म्हणजे पाणी नाही!”

“मग काय दगड आहे?”

आणि जो गोंधळ सुरू झाला! कुणी पुस्तकाच्या बाजूनं, कुणी विरुद्ध. जांभईवाली उठून पळाली ती शिपाईमामांकडून बादली घेऊनच आली. कुणी शाईची बाटली काढली, कुणी स्टाफरूमच्या किटलीतलं गरम पाणी आणलं, माझ्या चहाचं. शाईचं ऊन पाणी छोट्या बाटलीत भरून बादलीच्या तळाशी सोडलं. निळा धूर निघावा तशी शाई सरळ वर आली. सगळा वर्ग “आऽऽ” करून वाकला. “चूक! चूक! पुस्तक चुकलं!” बाकं वाजली. शेजारच्या बाई डोकावल्या. बर्फाचं मात्र कुणालाच सुटेना. मलाही नाही. उद्या प्रत्येकजण बघून येणार आहे.

घरी येऊन यांच्यावर अशी कडाडले! “इतक्या वर्षांत एक चूक नाही तुमच्या हातून, आणि केली ती माझ्या पुस्तकात?”

हे म्हणाले, “होतं कधीकधी.” आणि भाजी चिरत राहिले. यांनी आजवर “होतं कधीकधी” असं कुणाच्याही चुकीबद्दल म्हटल्याचं मला आठवत नाही. वर दोन माणसांची भाजी असताना चार माणसांची चिरली.

“शुद्धिपत्र छापा,” मी म्हटलं. “प्रत्येक प्रतीत चिकटवते.”

“छापतो,” म्हणाले.

२३ ऑगस्ट

शुद्धिपत्रं छापून आली. सुबक छापलीत, बिनचूक. “हे घे,” हे म्हणाले, “चिकटव नाहीतर नको चिकटवूस, तुझं पुस्तक आहे.” असं काय बोलतात कळत नाही.

वर्गात बर्फावरून तीन गट पडलेत. नियमसर काठी टेकत मुद्दाम माझ्या तासाला आले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. एकदाही “नियम असा आहे” म्हणाले नाहीत.

शुद्धिपत्रं घरीच राहिली.

२५ ऑगस्ट

आज निघताना ती टेबलावर अगदी समोर दिसली. हे दारात उभे होते, माझी छत्री धरून. मी छत्री घेतली. शुद्धिपत्रं राहिली.

उद्याही राहतील बहुतेक.